डावरी

भद्रकालीच्या रद्दीत सापडली पोमोना,
रोमची फळदेवी.
तांब्यावर केसाएवढ्या रेघांनी कोरून
कागदावर दाबलेली.
कडेला कसरीने काढलेली स्वतःची नक्षी.
काचेत बसवून सोफ्याच्या वर टांगली.
हॉल एकदम शिकलेला दिसू लागला.

पार्वता गावित, पेठहून छाटणीला येणारी,
बागा थांबल्या की आमची लादी पुसते.
फडकं खांद्यावर टाकून उभी राहिली.
"कात्री नाही, चाकू? आणि ही डावरी?"

सांगितलं, ठसा उलटा उमटतो,
बाई उजवीच आहे.
"आसंल. पण डोळा मोडंल वेलाचा."
आणि ओल्या बोटाने काचेवर
तिरका फराटा ओढला,
"इथून. डोळ्याच्या वर, बोटभर सोडून."

फराटा अजून दिसतो
दुपारी, गंगापूर रोडकडून ऊन आलं की.
पुसत नाही.
तीही.