पंधरा पौंड

डिसेंबरातल्या सकाळी
मार्क टूच्या ऑइलचा काटा साठावर.
मी खूश.
मुनाफ मिस्त्री म्हणाले,
"ती ताकद नाही, बाई.
तेल गारठलंय."

दुपारी द्वारकेच्या सिग्नलला
तोच काटा घसरत पंधरावर,
माझ्या पोटात गोळा.
मागून कांद्याचा टेम्पो बोंबलतोय
आणि मी काचेवर टिचक्या मारतेय,
जणू काट्याचा डोळा लागलाय.

भद्रकालीतून फोनवर तेच शांत:
"इंजिन तापलंय, स्लोवर पंधरा पुष्कळ.
थोडा पाय दे.
चढला तर गुमान घरी जा.
नाही चढला, आतून खडखड आली,
तर तिथंच चावी बंद.
मागचे बोंबलू देत."

पाय दिला.
चाळीस.

तरी सातपूरपर्यंत
रस्ता कमी,
काटाच जास्त पाहिला.