शेंड्याची पानं

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेंड्याची पानं पिवळी पडली.
खालची नाहीत. शेंड्याचीच,
नुकती उलगडलेली, अजून घडी न मोडलेली.
शिरा तेवढ्या हिरव्या,
पिवळ्या फडक्यावर कुणी हिरवे टाके घालायला बसावं
आणि हाक आली म्हणून उठून जावं, तशा.

आपोर्त जातीचं कलम. दुसरं वर्ष.
तालगरच्या बाजारातून बसमध्ये मांडीवर धरून आणलेलं.
कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं होतं,
आणि तो हसत नव्हता.

झाउरेश आपा म्हणाली, तहानलंय.
मी रस्त्याकडेच्या आरिकची फळी उचलली,
रोज संध्याकाळी डोंगरावरचं वितळलेलं बर्फ
पाटाने आळ्यात आणलं.
पानं आणखी फिकी झाली.

वोलोद्या म्हणाला, मावा. पान उलटून बघ.
उलटलं. होता थोडा.
मुंग्या त्याच्याभोवती, शेळ्या राखाव्यात तशा.
हिरवा साबण कोमट पाण्यात विरघळवून
एकेक पान बाळाचे कान पुसावेत तसं पुसलं.
मावा गेला. मुंग्या दोन दिवस
रिकाम्याच वर-खाली करत राहिल्या.
पिवळं तसंच.

सुनेने कुठेसं वाचलं:
दह्याची निवळ, त्यात आयोडीनचे दहा थेंब.
फवारलं.
शेजारचं मांजर येऊन खोड चाटून गेलं.
इतके उपाय मी माझ्या गुडघ्यावरही केले नव्हते.

भिंतीपलीकडून कैसार हे सगळं बघत असणार.
माझा भाऊ.
भिंतीला अकरा वर्षं झाली, आमच्या अबोल्याला दहा.
पहिलं वर्ष आम्ही भांडत होतो,
ते बोलण्यातच धरायचं.

जूनमध्ये एका सकाळी भिंतीवर टोपी दिसली.
टोपी म्हणाली, "चुना आहे तिथे."
मी म्हटलं, "काय?"
"भिंतीचा उरलेला चुना, फुटका गिलावा,
सगळं तू तिथल्या खड्ड्यात लोटलंस.
मातीत लोह असेलही, चुना ते मुळांना घेऊ देत नाही.
आणि पाणी आवर. बुडवतोयस त्याला."
टोपी खाली गेली.

कुदळ नको, मुळं कोवळी आहेत.
हातानेच उकरलं.
वीतभर खाली पांढरा थर,
त्यात माझ्याच थापीचा मोडका दांडा.
व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहिले.
माती फसफसली.
जुन्या भांडणासारखी, असं म्हणणार होतो,
पण ती लगेच निवली.

सात घमेली चुना निघाला.
त्या जागी कुजलेला पाला, दलदलीतली काळी माती.
मारिया पाकच्या दुकानातून लोहाची विटकरी भुकटी आणली;
पाण्यात टाकली की कडक चहासारखा रंग.
ऊन उतरल्यावर फवारायची, नाहीतर पान करपतं,
हे तिने तीनदा सांगितलं,
मी विसरणाऱ्यातला आहे हे तोंडावरून ओळखून.
आरिकची फळी खाली. आठवड्यातून एकदाच वर.

पिवळी झालेली पुरती हिरवी झालीच नाहीत.
दोघा-तिघांच्या कडा तपकिरी होऊन गळल्या.
पण नवव्या दिवशी शेंड्याला एक पान सुटलं,
नखाएवढं, खालून लवदार,
आणि हिरवं. शिरांसकट, शिरांमधलंसुद्धा.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

परवा भिंतीवर मुरंब्याची बरणी होती.
आत गंधकाची पूड, झाकणावर चिकटपट्टी,
पट्टीवर कैसारचं गिचमिड अक्षर:
"मूठभर. शरदात. खोडाला लागू देऊ नको."
एवढंच.

पूड मी डब्यात काढून ठेवली.
बरणी धुऊन खिडकीत उपडी घातली आहे.
भांडं रिकामं परत करू नये म्हणतात.
झाडाला फळ धरायला अजून तीन वर्षं तरी.
तोवर तिच्यात काय भरून द्यावं
हे कुणाला विचारावं, कळत नाही.