तळेवाडी, अंदाजे

तीन बेचाळीसला खानापूर हललं.
तीन एकोणसाठला लॅपटॉपवर आकडे आले.
सतरा मिनिटं. बेळगावच्या साहेबांनी वीस दिली होती.

मी अंगणात, पोफळीच्या आळ्याशी,
खांद्यावर बायकोची शाल,
घाडींची कुत्री अजून एका सुरात.

या गणितातला एक तक्ता माझा आहे.
दोन उन्हाळे मोटरसायकलवरून भिंती मोजल्या:
चिरा आणि माती, चिरा आणि सिमेंट, नुसती माती,
वर कौल की पत्रा की स्लॅब.
नखानं दरज खरवडायची, खूण करायची,
दिलेला कोकमचा पेला रिकामा करायचा, पुढचं घर.
प्रत्येक भिंतीला एक अपूर्णांक.
रात्री माणसं घरात: शेकडा पंच्याण्णव.

तळेवाडी, मृत तीन.
'अंदाजे' हा शब्द यंत्र लिहीत नाही,
मी लिहितो.

उजाडताना जीपमध्ये इराण्णा मडिवाळर, मी, गाडीवर दस्तगीर.
नकाशात तळेवाडी, आणि तिला खेटून केरेहळ्ळी.
इराण्णा हसला. सर, केरे म्हणजे तळंच की.
एकच गाव ते. एकदा तुमच्यात, एकदा आमच्यात.
चारशे बारा माणसं आम्ही आठशे चोवीस केली होती
आणि दोन्ही भाषांत त्यांच्यावर छप्पर पाडलं होतं.

गावात सोळा घरं बसलेली.
माझ्या खुणा बरोबर. पडायच्या त्याच पडल्या.
खाली कुणी नव्हतं.
भात पिकलंय, गवे उतरतात,
अर्धा गाव माळ्यांवर डबे बडवत जागा,
उरलेला राशीपाशी, खळ्यात.
"मला वाटलं गवाच पाठ घासतोय खांबाला,"
रुक्माण्णा तिसऱ्यांदा सांगत होता.
तुळसाक्काचा हात मोडला. एक म्हैस गेली.

मी तीन खोडून शून्य लिहीत होतो
तेव्हा दस्तगीर म्हणाला, भट्टीकडं बघा.

नाल्यापलीकडं वीटभट्टी. आठ दिवसांपूर्वी आलेली माणसं,
रायचूरकडची.
कच्च्या विटा एकावर एक, मध्ये काही नाही,
वर उसाचा पाला, आत सरपटत जायचं.
खरवडायला दरजच नाही.
हीच वीट भाजली की माझ्या तक्त्यात 'पक्की' म्हणून जाते.
अशीच रचून ठेवली, माणूस आत निजला,
तर त्याला रकाना नाही.

दुरगप्पा. त्याची आई.
मुलगी हुलिगेव्वा. वय विचारलं,
तर कुणीतरी हातानं उंची दाखवली.

दहाला साहेबांचा फोन.
तळेवाडी तीन? आपलेही तीनच होते ना? अचूक!
पुढं काहीतरी बोलत होते, बक्षीस की बैठक.
रेंज नाही म्हणालो.
रेंज होती.

भट्टीवर बायका ढासळलेल्या विटा गोळा करत होत्या.
मुकादमाचा हिशेब थांबला नव्हता:
शंभर झाल्या की एक खडा बाजूला,
पुन्हा एकपासून.
मल्लव्वाला, दुरगप्पाच्या बायकोला,
कुणी काम सांगितलं नव्हतं. तीही लावत होती.
मध्येच थांबली. खड्यांकडं बघत राहिली.
चुकलं असावं.
मग रचलेल्या सगळ्या विटा तिनं खाली उतरवल्या
आणि पहिलीपासून मोजायला लागली.