ढावलो

झमकीबाई दिवाळीनंतर गेली ऊसतोडीला,
तांड्यातल्या निम्म्या दारांना कुलपं लागली.
माझं लग्न माघात,
आणि ढावलो शिकवील अशी दुसरी बाई मागं उरली नाही.

मग फोनवर. रोज रात्री
मी पाण्याच्या टाकीवर चढायचे, रेंज तिथंच.
ती तिकडून, कोपीतून, एक ओळ ओढायची
लांब, खोल विहिरीतून पोहरा ओढावा तशी;
इकडून मी.

"शब्द पाठ करू नको," म्हणायची.
"ज्याच्या गळ्यात पडशील, शब्द त्याचे.
भाऊ असला तर त्याची सायकल आण,
तुझा दुधाचा दात पुरला ती बाभळ आण.
नाव घे, मग ओढ."
"आणि रडूच नाही आलं तर?"
हसली. खोकली. मागं कुणाचं लेकरू किरकिरत होतं.
"आधी सूर चालतो, बाई,
रडू त्याच्या मागं, गाडीला बांधलेल्या वासरासारखं."

नांदेडला, नर्सिंगच्या हॉस्टेलात
कुणी रडलं की आम्ही पाणी देतो, पाठ थोपटतो,
गप म्हणतो.
इथं रडण्याला चाल आहे,
चुकली तर म्हाताऱ्या टोकतात.

एका रात्री ती बापाच्या ओळीवर आली.
बापू... एवढंच, आवाज वर नेला,
आणि रेंज गेली.
पुढची ओळ फडातच राहिली, पाचटात कुठंतरी.
मी बसून राहिले. खाली कुत्री,
आणि अंधारात एक बिडी,
विझत, पेटत.

मुकादमानं तिला सोडलं नाही लग्नाला.

पूर्वी नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून गायची;
मला बोलेरोच्या पायरीवर चढवलं.
याडी झाली, भाऊ झाला, सायकलही झाली.
मग बापूच्या गळ्यात पडले.
बापू... आवाज वर नेला
आणि तिथंच अडकले, रेंज गेली तिथं.
बायका वाट बघत होत्या.
सदऱ्याला बिडीचा वास.

बापू, टाकीखाली काठी घेऊन उभा असायचास तू,
कुत्र्यांना हाकलत,
मला कळत नाही असं वाटायचं तुला,
बापू, तुझी बिडी दिसायची वरून.

"चाल मोडली," धुपलीबाई पुटपुटली,
पण टोकलं नाही.
भावाच्या हातात फोन चालू होता कधीचा.
पलीकडं खसाखस कोयता चालला होता,
मग तो थांबला.