दुसऱ्या वाटेने

मुरारच्या छावणीतल्या चर्चमध्ये
धुक्यातच तालीम सुरू व्हायची.
मी तिसरा मागी. वय नऊ. दाढी कापसाची,
हातात गंधरस म्हणून
गजकाचं रिकामं खोकं.

ताऱ्याला टोकं किती, यावर वाद पडला
तेव्हा जनकगंजातून सायकल मारत आगटे गुरुजी आले,
कानटोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत पंचांग.
पाद्री भांबळांशी त्यांची बुद्धिबळाची दोस्ती.

टोकांचं राहिलंच.
खिडकीच्या रंगीत काचेवर चार प्राणी होते,
गुरुजींनी बोटाने एकेक टिपला:
"हा वृषभ. हा सिंह.
हा माणूस म्हणजे कुंभ, घडा कुठे ठेवून आलाय कोण जाणे.
आणि विंचवाच्या घरात गरुड!
बरं केलंत, बिचाऱ्याला पंख तरी दिलेत.
चारही स्थिर राशी, भांबळ.
तुमच्या सिंहासनाचे पाय आमच्या सुताराने घडवलेत."

"सुतार तर आमचाही आहे,"
पाद्री म्हणाले, आणि दोघे खोकेपर्यंत हसले.

मग मी दरबारात शिरून ओरडलो,
"नवा राजा जन्मलाय! आम्ही तारा पाहिला! कुठंय तो?"
हेरोद झालेला सायलस पोटे
मिशी दाबत उठला.

"पुढे?" गुरुजींनी विचारलं.

पुढे बेथलेहेमातली मुलं.
दोन वर्षांच्या आतली, सगळी.
"ते आपण दाखवत नाही," पाद्री म्हणाले,
"नाटकाला लहान पोरं असतात."

गुरुजी बाकावर बसले.
कानटोपीचा बंद सोडला, बांधला, पुन्हा सोडला.
"गणित बरोबर होतं त्यांचं," म्हणाले,
"विचारायचं दार चुकलं."

त्यांनी कुठल्या दारात काय सांगितलं होतं,
मला आजही ठाऊक नाही.
आई एवढंच म्हणायची,
तान्ह्या बाळाची पत्रिका ते मांडत नाहीत.
पाच वर्षांचं होऊ दे, मग या, म्हणतात.

तारा शेवटी कल्हईवाल्या मुन्नेखाँने कापला.
सहा टोकं, त्यातलं एक वाकडं.

नाटकाच्या रात्री मी खोकं गव्हाणीपाशी ठेवलं,
गुडघे झटकले, वळलो,
आणि सवयीने
हेरोदाच्या बाजूलाच निघालो.

पहिल्या रांगेतून कानटोपी पुढे झुकली
आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल
एवढ्या हळू आवाजात म्हणाली,

"तिकडून नको रे बाळा.
तिकडून नको."