कळणा

काडेपेटीएवढी पांढरी डबी.
होळीनंतर, दोंडाईच्याच्या बाहेर
मिरचीच्या पथारीला लागून असलेल्या वस्तीत
चाळीस घरांत मी चाळीस खिळे ठोकले,
पत्र्याखाली, चुलीपासून दीड हात वर.
डबी दर पाच मिनिटांनी ऊब मोजते, धूर मोजते,
शेजारच्या डबीला सांगते,
ती पुढच्या डबीला,
असं करत करत धुळ्याला.

मथाबाईनं शिडी धरली होती.
“ह्यामा आमनं बोलनं जास का रे भाऊ?”
नाही मावशी, फक्त धूर.
“फोटू?”
फक्त धूर.
तिनं अंगठा दिला.
बोटाची मिरची शाईत उतरली,
कागदावर तो ठसा अजून तांबूस आहे.

मी खोटं बोललो नव्हतो.
मला माहीत नव्हतं.

धुराला जीभ असते
हे सतराव्या दिवशी समजलं, कूलरसमोर बसून:
घर क्रमांक तेवीस, रात्री दोन चाळीस.
रेघ उभी राहते,
वीस मिनिटांनी आडवी होते.
दुसऱ्या रात्री दोन पस्तीस.
तिसऱ्या रात्री पुन्हा दोन चाळीस.

एवढ्या रात्री कोण चूल पेटवतं?

शनिवारी बॅटरी बदलायला गेलो.
दाराआडून एक हात आला,
पाण्याचा पेला ठेवून आत गेला.
मनगटावर बांगड्या नव्हत्या,
पिवळे पडत चाललेले वळ होते.
मथाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मी बॅटरीकडे.
“दोनदा ई गयात त्या लोकं.
आठे नही ती, सांगी दिन्हं मी.”

गल्ली झोपली की पोर आंघोळ करते.
एवढंच.
त्याला पाणी तापवावं लागतं.

आणि माझ्याकडे ते सगळं होतं,
नावासकट, तारखेसकट,
अक्षांश-रेखांश तर दशांशानंतर सहा आकडे,
चूल कुठल्या कोपऱ्यात तेही सापडेल असे.
पंचायतीतून फोन येऊन गेला होता:
गॅस मिळूनही लाकडं कोण जाळतं,
तेवढी यादी द्या की.
भदाणे सर म्हणाले, देऊन टाक, आपल्याला काय.

त्या दुपारी डब्यात कळण्याची भाकरी होती.
चार पायल्या ज्वारी, पायलीभर उडीद, मूठभर मीठ.
एकदा गिरणीतून निघालं
की दाणा कुठला कोणाचा
ते दळणाऱ्यालाही सांगता येत नाही.
नावातच कळणं,
आणि कळत काही नाही.

बसलो मग दळायला.
नावं काढली. पाच मिनिटांचा दिवस केला.
दहा घरांची एक गल्ली केली.
प्रत्येक आकड्यात चार खोटे दाणे टाकले,
चव बिघडणार नाही इतकेच.
“रात्रीचा तपशील गेला की रे सगळा,”
सर म्हणाले.
गेला, म्हटलं.
भर दुपारी पत्र्याखाली बाया किती धूर गिळतात
ते अजून दिसतंय. त्याच्यासाठीच गेलो होतो ना आपण?
ते काही बोलले नाहीत. यादी मात्र गेली नाही.

मूळ फाइल मी पुसली.
मधल्या एखाद्या डबीत राहिली असेल का,
खात्री नाही.
माझ्यात तर आहेच.

म्हणून इथंही
घराचा नंबर बदललाय,
वेळ मागेपुढे केलीय,
मथाबाई हे नाव
त्या वस्तीत कोणाचंच नाही.
ठसका तेवढा
होता तसा ठेवलाय.