सहाव्या मजल्यावरचं वल्कल

कंपालात, न्टिंडाच्या चढावर, सहावा मजला,
दोन खोल्या, वीतभर बाल्कनी,
लिफ्ट आठवड्यातून चार दिवस चालणारी.
किगुंडू म्हणाला, "हॉटेलासारखं नको.
आपलं काहीतरी दिसू दे."
आपलं म्हणजे काय,
ते त्यानं माझ्यावर सोडलं.

मी मसाकाला गेले.
तिथं मुटुबाच्या झाडाची साल सबंध सोलून
लाकडी मोगरीनं बडवतात.
बडवता बडवता ती पसरते,
हातभराची चार हात होते,
उन्हात पडून विटेसारखी तांबूस.
उघड्या खोडाला मग केळीची पानं गुंडाळतात,
बाळंतिणीचं पोट बांधावं तशी.
वर्षभरात झाड नवी साल धरतं.

ते वल्कल मी चौकटीवर ताणलं,
गोंद लावून पलंगामागं, डोक्याशी बसवलं.
दोन्ही अंगांना पिवळे दिवे.
फोटो इतके देखणे आले
की मीच ते रात्री उशिरापर्यंत पाहत राहिले.

लिफ्ट बंद असलेल्या दिवशी
नांबालिर्वा आत्या फणस घेऊन जिने चढून आली.
सोफ्याला वळसा घालून खाली चटईवर बसली,
आणि पाणी तोंडाशी नेता नेता
उघड्या दारातून तिला पलंग दिसला.

पेला खाली.
"कोण गेलं?"

किगुंडू हसला. मला हसू आलं नाही.
आजोबांना गुंडाळत होते तेव्हा मी सात वर्षांची,
मला बाहेर खेळायला पिटाळलं होतं.
खिडकीतून पाहिलेला तो रंग
इतकी वर्षं मी कुठे ठेवला होता?

आत्या उठली. वाटलं, आता फाडणार.
पण तिनं एक ठिगळ शोधलं,
फांदी फुटली होती तिथला टाका,
अंगठ्यानं चाचपला.
"हात चांगला आहे करणाऱ्याचा.
आमच्या आज्या हेच नेसायच्या, अंथरायच्या,
ह्याच्याच आडोशाला संसार करायच्या.
मेल्यावरच हवं, असं कुठं होतं?
पण असं ताणून, चिकटवून?
शिकार करून आणलंय का?"

गोंद सोडवण्यात संध्याकाळ गेली.
स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधे
एका बांबूवर ते सैल सोडलं.
जाता-येता खांद्याला लागतं,
उकडलेल्या केळ्यांचा वास धरतं.
फोटोत मात्र नीट येत नाही.

निघताना, चपलेत पाय घालत, आत्या म्हणाली,
"माझ्या वेळेला हेच काढ.
बाजारात धावाधाव नको."
फणस तसाच राहिला होता ओट्यावर.

यंदा मार्चात किगुंडूचा फोन आला.
बराच वेळ इकडचं तिकडचं. मग,
"तिथं आता काय लावायचं?"
मी म्हटलं, वर्षभर काहीच नको.
झाडाला वेळ लागतो.
"अगं, पण स्वयंपाकघरातला उजेड
थेट सोफ्यावर येतो."
येऊ दे, म्हटलं.